घोडच्या उगमाशी पिण्याचे पाणी

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे वसले आहे. एका अंगाला कडा तुटतो आणि खाली मुरबाडचा मुलूख दिसतो. दुसऱ्या अंगाला, याच परिसरातल्या डोंगरांतून घोड नदी पूर्वेकडे निघते. वरच्या बाजूला कारखाना नाही, शहर नाही, सांडपाण्याचा नाला नाही. त्यामुळे इथले पाणी आपोआप शुद्ध असणार, असे बाहेरून येणारा माणूस गृहीत धरतो आणि झऱ्याला ओंजळ लावतो. हा समज धोक्याचा आहे. तो का धोक्याचा आहे हे कळले, की शहरातल्या नळाकडे पाहण्याची नजरही बदलते.

पाऊस भरपूर, पाणी मोजके

घाटमाथ्याच्या या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो. हीच घोड पुढे शिरूरकडे जाते तिथे तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या घरात असतो. तरीही उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब चालण्याची वेळ शिरूरकरांच्या आधी डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर येते.

कारण जमिनीखाली आहे. इथला खडक काळा बसाल्ट, लाव्ह्याच्या थरावर थर साचून तयार झालेला. पाणी मुरते ते फक्त भेगांत आणि वरच्या कुजक्या मुरमात. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा घट्ट पट्टा असतो. तो पाण्याला खाली जाऊ देत नाही, मग पाणी आडवे सरकते आणि उताराला फुटते. तोच आपला झरा. असा झरा पावसाळ्यात धो धो वाहतो आणि फेब्रुवारी-मार्चनंतर करंगळीएवढा होतो.

खाली डिंभ्याला घोडवर मोठे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात आणि त्याची क्षमता साडेतेरा टीएमसीच्या आसपास आहे. त्या पाण्याखाली जुने आंबेगाव, तालुक्याला नाव देणारे गाव, बुडाले. धरणाचे पाणी उतारावरून कालव्यांनी पुढे जाते. वरच्या वाड्यांना ते हवे तर पंपाने डोंगर चढवावे लागते. जिथे पाऊस सर्वांत जास्त, तिथे साठा सर्वांत कमी, हे या खोऱ्याचे कटू वास्तव आहे.

पाण्याची टंचाई आणि पाण्याची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. झरा आटला की सगळी वस्ती एकाच पाणवठ्यावर येते. तिथेच जनावरे येतात, तिथेच धुणे होते. पाणी वाहते राहत नाही, साचते. उथळ विहिरीच्या तळाशी वीतभर पाणी उरले की हंडा बुडताना गाळही ढवळून वर येतो.

नितळ म्हणजे सुरक्षित नव्हे

डोंगरातल्या झऱ्याचे पाणी चवीला गोड लागते, कारण ते खडकात फार काळ राहिलेले नसते आणि त्यात क्षार कमी विरघळलेले असतात. फ्लोराइड, नायट्रेट, जास्तीचा खारटपणा हे प्रश्न साधारणपणे खालच्या, बागायती आणि खोल बोअरवेलच्या पट्ट्यातले. वरच्या गावांत खरा धोका जंतूंचा आहे, आणि जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला लागत नाहीत.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० हे आहे. २०१२ च्या आवृत्तीनुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. ई-कोलायचे बहुतेक प्रकार स्वतः फारसा त्रास देत नाहीत. पण तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात दिसला याचा अर्थ विष्ठेचा अंश पाण्यापर्यंत पोचला आहे. मग हगवण, विषमज्वर, कॉलरा आणि कावीळ यांचे जंतूही त्याच वाटेने येऊ शकतात.

बसाल्टच्या भेगांमुळे ही वाट लांबवर जाते. वाळूतून झिरपणारे पाणी थोडेफार गाळले जाते, भेगेतून धावणारे पाणी गाळले जात नाही. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब असावा असे सांगतात. भेगाळ खडकात, विशेषतः खड्डा विहिरीच्या वरच्या उताराला असेल, तर तेवढ्यावर विसंबून चालत नाही.

पहिल्या पावसाचे पंधरा दिवस

वर्षातला सर्वांत वाईट काळ मे नव्हे, जूनची सुरुवात. आठ महिने उघड्यावर साचलेली घाण, शेण, सडलेला पालापाचोळा पहिल्या सरींबरोबर उतारावरून धावतो आणि कठडा नसलेल्या विहिरीत, उघड्या झऱ्यात थेट उतरतो. नेमके याच दिवसांत भातखाचरांची घाई असते, माणसे दिवसभर रानात असतात आणि वाटेत जे पाणी मिळेल ते पितात. गॅस्ट्रोच्या साथी याच सुमारास उठतात.

झरा सुरक्षित करणे फार खर्चाचे नाही. जिथे पाणी फुटते तिथे बंदिस्त दगडी कुंडी, तिला झाकण, पाणी घ्यायला बाहेर तोटी, आणि वरच्या अंगाला पावसाचे पाणी वळवणारा चर एवढे केले तरी मोठा फरक पडतो. वरचे झाड-जंगल राखणे हाही त्याचाच भाग. आहुप्याची देवराई पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली. अशा रानातली पालापाचोळ्याची जाड गादी पाऊस अडवते, मुरवते आणि झऱ्याला गढूळ लोंढ्यापासून वाचवते. देवराईला मी पाणीपुरवठ्याची जागाच मानतो.

टीसीएलचा हिशेब

गावात पाणी शुद्ध करण्याचे मुख्य साधन म्हणजे टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर. प्रमाण सोपे आहे: चांगल्या प्रतीची, साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली पावडर असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम.

विहिरीत पाणी किती आहे हे मात्र मोजावे लागते. गोल विहिरीसाठी व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५. उत्तर घनमीटरमध्ये येते, त्याला हजाराने गुणले की लिटर. समजा विहीर ४ मीटर रुंद आहे आणि पाणी २ मीटर खोल आहे. ४ चा वर्ग १६, त्याला २ ने गुणून ३२, आणि ०.७८५ ने गुणून सुमारे २५. म्हणजे २५,००० लिटर पाणी, आणि टीसीएल १२५ ग्रॅम. पाऊस लागून पाणी ४ मीटरवर गेले की हीच मात्रा दुप्पट होते. इथेच चूक होते. उन्हाळ्यातला अंदाज पावसाळ्यातही चालू राहतो आणि निम्मी मात्रा पडते.

पावडर तशीच विहिरीत फेकायची नसते. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळायचे आणि निदान अर्धा तास कोणी पाणी भरायचे नाही. पोत्याचे तोंड उघडे राहिले किंवा ओल लागली तर क्लोरीन उडून जातो. घाटमाथ्याच्या दमट हवेत हे फार लवकर होते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. तिने विहिरीत नुसता चुना पडतो.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीच्या कणांवरच खर्ची पडतो आणि कणांच्या आड जंतू तगून राहतात. म्हणून आधी निवळणे, गरज पडल्यास तुरटी फिरवणे, मग क्लोरीन. हा क्रम उलटा करून उपयोग नाही.

ओटी टेस्ट कुठे घ्यायची

काचेच्या छोट्या नळीत पाणी घेतात, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतात. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर रंग पिवळा होतो आणि तो नमुन्याच्या रंगाशी ताडून पाहतात. हीच ओटी टेस्ट. मानकानुसार निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरलेला असायला हवा. तपासलेले पाणी फेकून द्यायचे, कारण ते रसायन पोटात जाता कामा नये.

माझ्या मते ही चाचणी टाकीपाशी घेऊन काही सिद्ध होत नाही. ती वस्तीतल्या शेवटच्या घराच्या नळावर घ्यायला हवी. तिथे पिवळा रंग आला तर सगळी वाट ठीक आहे.

याशिवाय महाराष्ट्रात पावसाळ्यापूर्वी आणि नंतर गावोगावच्या पाणीस्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे टिकवले तर चंदेरी. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे ग्रामसभेत विचारता येते. जंतूंसाठी एच-टू-एस बाटलीची चाचणीही सोपी आहे: बाटलीतले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले तर ते दूषित समजायचे.

खाली, शहराकडे

घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी धरणात साठते. उजनीतून सोलापूर शहर पाणी पिते. त्याच उजनीत मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांच्यामार्गे पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते. सांडपाण्यातला अमोनिया आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते, त्यामुळे शुद्धीकरण केंद्राला जास्त मात्रा द्यावी लागते. पाण्यावर शेवाळ माजले की ते गाळणे आणखी अवघड होते. त्यात सोलापूरला पाणी काही दिवसांआड येते. नळ बंद असताना जलवाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. शुद्ध होऊन निघालेले पाणी वाटेत असे बिघडते.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. शहर आणि परिसरातील रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि नांदेडच्या विहिरीकडे सगळ्यांचे लक्ष गेले. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांना त्या विहिरीतून, पूर्ण गाळण प्रक्रिया न होता, केवळ क्लोरीन मिसळून पाणी जात होते. महापालिकेची हद्द पोचली होती, शुद्धीकरण केंद्राचे पाणी पोचले नव्हते. त्याआधी २०१२ मध्ये इचलकरंजीत ई प्रकारच्या काविळीची साथ आली होती. ही कावीळ गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरते. म्हणजे शहरात राहतो म्हणून निर्धास्त व्हावे असे काही नाही.

घरात काय करावे

पाणी खळखळून उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. निदान पहिल्या पावसाच्या दिवसांत आणि घरात लहान मूल, म्हातारे माणूस किंवा गरोदर बाई असेल तर तो टाळू नये. सरपणाची अडचण असेल तर क्लोरीनचे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत टाकून अर्धा तास थांबावे. हंड्यावर झाकण आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. शुद्ध पाण्यात हात बुडाला की टीसीएलची सारी मेहनत वाया जाते.

पावसाळ्यात आहुप्याला फिरायला येणाऱ्यांनी एवढे जरूर करावे: झऱ्याच्या वरच्या अंगाला शौचास जाऊ नये, तंबू ठोकू नये, प्लॅस्टिक टाकू नये. खालची वस्ती ते पाणी पिते. आणि गावात असा की शहरात, आपल्या नळावर ओटी टेस्ट शेवटची कधी झाली हे या आठवड्यात ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.