२४ सप्टेंबर आणि नववे कलम

प्रार्थनेनंतर फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचा आपल्या शाळेचा प्रघात आहे. २४ सप्टेंबरला मादाम भिकाजी कामा यांचा जन्मदिन (१८६१) विद्यार्थी न चुकता लिहितात. त्याखाली पुण्यातील दोन घटना आम्ही मुद्दाम लिहावयास लावतो.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. सरकारी महसूल कष्टकरी रयत भरते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्ग घेतो, हे गाऱ्हाणे त्यांनीच पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडले.

५९ वर्षांनी त्याच दिनांकास, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, येरवडा कारागृहात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. बाबासाहेबांची स्वाक्षरी गांधीजींच्या आमरण उपोषणाच्या दडपणाखाली झाली, हे आम्ही वर्गात झाकून ठेवीत नाही. चर्चा बहुधा येथेच थांबते आणि अखेरचे, नववे कलम वाचावयाचे राहून जाते. प्रत्येक प्रांताच्या शैक्षणिक अनुदानातून अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणसोयींसाठी पुरेशी रक्कम राखून ठेवावी, असे ते कलम सांगते. जोतीरावांच्या गाऱ्हाण्याला कागदावर का होईना, उत्तर मिळाले ते येथे.

गतवर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, पुरेशी म्हणजे किती?" कलमात आकडा नाही. वसतिगृहाच्या अनुदानाची दरवर्षी वाट पाहणाऱ्या आम्हां शिक्षकांना तिला दुसरे उत्तर देता आले नाही.