काखेतला घाम सांगतो विषाचं कूळ

समजा, मध्यरात्री चेंबूर नाक्यावरून 108 ची रुग्णवाहिका एका तरुणाला घेऊन शीव रुग्णालयाकडे निघाली आहे. तो बरळतोय, नसलेली माणसं त्याला दिसताहेत, चौघांना आवरत नाहीये. मित्र म्हणतात, पार्टीत कागदाचा चिटोरा जिभेवर ठेवला, बस्स. त्यावर काय होतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एलएसडी म्हणून खपवलेल्या चिटोऱ्यावर कधी कधी एनबोम कुळातलं रसायन निघतं. ते मेंदूच्या अभ्यासासाठी 2003 च्या सुमारास बर्लिनमध्ये बनलं आणि पुढे बाजारात शिरलं. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत ते सहसा सापडत नाही. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा अहवाल पोलिसांच्या कामाचा; रात्रीच्या उपचाराला तो पुरत नाही.

मग डॉक्टर काय करतात? काखेत हात घालून बघतात! धोतऱ्याच्या विषबाधेतही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, भास होतात, माणूस बडबडतो. पण काख कोरडी ठणठणीत, कारण धोतऱ्यातलं अॅट्रोपिन घामाच्या ग्रंथींना जाणारा निरोपच अडवतं. एनबोमसारख्या नव्या रसायनांत मात्र काख घामाने ओली. पाऊल झटक्याने वर ढकलल्यावर ते आपोआप थडथडत राहिलं, तर सेरोटोनिन या मज्जासंस्थेतल्या निरोप्या रसायनाचा अतिरेक झाल्याची शंका बळावते.

त्याहून नवल तापाचं. अंग 41 अंशांवर गेलं तरी पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. एरवीच्या तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेतो, गोळी त्याला खाली आणते. इथे उष्णता येते सतत ताठरणाऱ्या स्नायूंतून. म्हणून लोराझेपॅम किंवा मिडॅझोलमने रुग्णाला शांत करायचं, अंग ओलं करून पंखा लावायचा, बर्फ ठेवायचा, सलाइन चढवायचं. तरी भागलं नाही, तर स्नायू औषधाने लुळे करून व्हेंटिलेटर. नुसतं खाटेला बांधलं, तर तो आणखी झगडतो आणि आणखी तापतो. तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते.

नशेचं असंच दुसरं रसायन मेफेड्रोन, म्हणजे एमडी, 2015 मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्यात आलं. पण कायदा एका रसायनापर्यंत पोचतो, तोवर बाजारात दुसरी नावं आलेली असतात. यांतल्या बहुतेकांवर खास उतारा नाही. पण उष्णता, झटके, श्वास आणि रक्तदाब सांभाळले, तर नाव न कळताही जीव वाचू शकतो.

म्हणून नशा उतरवायला घरी लिंबू पाजत बसू नये. गुंगीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत ते जाऊ शकतं. 108 लावावा, उरलेला चिटोरा सोबत न्यावा आणि काय, किती, किती वाजता घेतलं, ते डॉक्टरांपासून लपवू नये.