रेंज रोव्हर : पाच पिढ्या आणि दुसरा मालक

मुंबई-पुण्याच्या सेकंड हँड बाजारात जुनी रेंज रोव्हर कधी कधी एखाद्या नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात उभी दिसते. नवी असताना तिची किंमत कोटीच्या घरात होती. रुंद बॉनेट, उंच बैठक, चामड्याच्या सीट आणि घाटात किंवा चिखलात सारखाच दिसणारा डौल पाहून कुणालाही मोह व्हावा अशीच ती गाडी आहे. या मोहात गैर काही नाही, पण व्यवहाराला बसण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वयानुसार गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं काम, हेडलाइटचा एक संच या सगळ्यांचं बिल शेवटपर्यंत कोटीच्या गाडीचंच येतं.

म्हणून ‘किती वर्षं जुनी’ हा प्रश्न इथे अपुरा पडतो. कोणत्या पिढीची, कोणत्या इंजिनाची आणि कोणाच्या हातची, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. रेंज रोव्हरच्या आजवर पाच पिढ्या झाल्या आणि त्या काळात कारखान्याची मालकी अनेकदा बदलली. प्रत्येक पिढीच्या गुणांवर आणि दुखण्यांवर त्या त्या मालकाची छाप आहे. ती ओळखता आली की अर्धी परीक्षा झाली.

पहिली पिढी : धुऊन काढायची गाडी

१७ जून १९७० रोजी ही गाडी जगासमोर आली. रोव्हर कंपनी तेव्हा ब्रिटिश लेलँडच्या छत्राखाली होती आणि कारखाना इंग्लंडमधल्या सॉलिहलचा. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी तिची आखणी केली, डेव्हिड बॅश यांनी तिच्या रूपावर शेवटचा हात फिरवला. लँड रोव्हर शेतात आणि लष्करात तरबेज होती, पण पाट्यांच्या स्प्रिंगांवर धावताना आतल्या माणसाचे हाल करायची. किंग यांनी नव्या गाडीला लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंग दिल्या, चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले आणि चारही चाकांना कायम ताकद देणारी रचना केली. मुळात अमेरिकेतल्या ब्यूइकचं असलेलं साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन त्यात बसवलं.

आज या नावाभोवती जो ऐषाराम दिसतो, तो तेव्हा नव्हता. दोन दारं, आत प्लॅस्टिक आणि रेक्झिन, चिखल झाला तर पाणी मारून धुऊन काढायचं. चार दारांची गाडी १९८१ मध्ये आली, ऑटोमॅटिक गिअर त्यानंतर, १९८७ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारात उतरली आणि १९९२ मध्ये लांब चाकांतराची, हवेच्या सस्पेन्शनची आवृत्ती आली. श्रीमंती एकेक पायरी चढत आली, दम मात्र पहिल्या दिवसापासून होता. १९७१-७२ च्या ब्रिटिश मोहिमेत दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेल्या. वाटेतलं डॅरिएनचं जंगल पार करायला त्यांना जवळपास शंभर दिवस लागले. १९७९ च्या पहिल्या पॅरिस-डकार रॅलीत मोटारींच्या गटात रेंज रोव्हर जिंकली आणि १९८१ मध्ये पुन्हा तीच.

ही पिढी १९९६ पर्यंत बनत राहिली. ती आता संग्राहकांची गाडी आहे. घ्यायची तर इंजिनाआधी सांगाडा बघावा. बाहेरचे बरेचसे पत्रे अॅल्युमिनियमचे, आतला सांगाडा पोलादाचा. दोन धातू एकमेकांना लागतात तिथे ओल साचली की गंज धरतो. मागच्या झडपेची खालची कड, दारांखालच्या पट्ट्या आणि पुढच्या सीटखालची जमीन बघावी. इंजिन साधं आहे, जाणता मेकॅनिक ते सहज उघडतो. गंजलेला सांगाडा नीट करणं मात्र वर्षभराचं काम होऊन बसतं.

दुसरी : इलेक्ट्रॉनिक्सचं पहिलं पर्व

१९९४ मध्ये आलेली दुसरी पिढी पी३८ए या नावाने ओळखली जाते. सॉलिहलच्या ज्या इमारतीत तिचं काम झालं, तिचा तो क्रमांक. त्याच वर्षी रोव्हर बीएमडब्ल्यूच्या हाती गेली. डिझेल गाडीत बीएमडब्ल्यूचंच अडीच लिटरचं इंजिन होतं, पेट्रोलला जुन्या व्ही-८च्या चार आणि ४.६ लिटरच्या आवृत्त्या. हवेचं सस्पेन्शन सगळ्यांना.

दारं, दिवे, काचा, इमोबिलायझर या सगळ्यांचा कारभार एका कॉम्प्युटरकडे सोपवणारी ही पहिली रेंज रोव्हर. इथेच तिचं दुखणं आहे. भोवतीच्या रेडिओ लहरींनी उभ्या गाडीचा रिसीव्हर जागा व्हायचा, तो कॉम्प्युटरला जागं करायचा आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळायची. व्ही-८ मध्ये गरम होण्याची आणि सिलिंडरचे लायनर सरकण्याची तक्रार निघते. किमतीला ही बहुधा सगळ्यांत खालची पिढी असते. ज्याच्याकडे वेळ आहे, वायरिंगचे आराखडे वाचण्याची आवड आहे आणि दुसरी रोजची गाडी आहे, त्यानेच तिच्या वाटेला जावं.

तिसरी : बीएमडब्ल्यूने आखली, फोर्डने चालवली

एल३२२ ही तिसरी पिढी माझ्या मते या घराण्यातली सर्वांत देखणी. बीएमडब्ल्यूने ती घडवली, पण रस्त्यावर येण्याआधीच, २००० मध्ये, लँड रोव्हर फोर्डला विकली. २००२ पासून ती विकली गेली. वेगळी चासी जाऊन एकसंध बॉडी आली, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं आणि खड्ड्यांवरून जाताना गाडी तरंगते आहे असं वाटू लागलं.

एल३२२ म्हणजे एका नावाखाली दडलेल्या तीन वेगळ्या गाड्या, हे खरेदीदाराने समजून घ्यावं. पहिल्या काही वर्षांत बीएमडब्ल्यूची इंजिनं होती: ४.४ लिटरचं पेट्रोल व्ही-८ आणि तीन लिटरचं डिझेल. त्या डिझेलचं इंजिन उत्तम, पण त्याला जोडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एवढं वजन ओढताना थकायचा. फोर्डने पुढे जॅग्वारची पेट्रोल इंजिनं बसवली आणि त्यानंतर ३.६ लिटरचं व्ही-८ डिझेल आणलं. त्याच सुमारास टेरेन रिस्पॉन्सही आलं. वाळू, चिखल, बर्फ, खडक यांतलं काय समोर आहे ते बटणाने सांगायचं, इंजिन, गिअर आणि सस्पेन्शन आपापलं काम वाटून घेतात.

२ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने जॅग्वार-लँड रोव्हर फोर्डकडून २३० कोटी डॉलरना घेतली. पुढच्याच वर्षी मुंबईत या गाड्यांचं अधिकृत दालन उघडलं. म्हणून आपल्याकडे रीतसर विकल्या आणि सर्व्हिस झालेल्या एल३२२ बहुतेक २००९ ते २०१२ या काळातल्या मिळतात. त्यांत ४.४ लिटरचं व्ही-८ डिझेल आणि आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स ही शेवटच्या काळातली जोडी मी सर्वांत वर ठेवीन. पाच लिटरचं पेट्रोल जोरदार आहे, पण सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंग चेनचे गाइड झिजतात. ते काम झालं असेल तर बिल मागावं, झालं नसेल तर तो खर्च भावातून वजा करावा.

चौथी आणि पाचवी : टाटांच्या काळातली

२०१२ मध्ये आलेली एल४०५ ही टाटांच्या काळात बाजारात उतरलेली रेंज रोव्हरची पहिली पूर्ण नवी पिढी. एसयूव्हीला संपूर्ण अॅल्युमिनियमची एकसंध बॉडी देणारी ही पहिली गाडी. काही आवृत्त्यांत आधीच्या पिढीपेक्षा वजन तब्बल ४२० किलोंनी कमी झालं. पाण्यातून जाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटरवरून ९०० वर गेली. रोज वापरायला, कुटुंबाला घेऊन कोकणात उतरायला ही पिढी सर्वांत भरवशाची वाटते.

तिचीही दुखणी आहेत. तीन लिटरच्या व्ही-६ डिझेलमध्ये क्रँकशाफ्टची बेअरिंग निकामी होण्याचे प्रकार जगभर नोंदले गेले आहेत. असं झालं तर इंजिन बदलण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. ऑइल वेळापत्रकापेक्षा लवकर बदलणारा मालक म्हणूनच सोन्यासारखा. पेट्रोल इंजिनांत कूलंटचे प्लॅस्टिकचे पाइप उष्णतेने ठिसूळ होतात. आपल्या उन्हाळ्यात ते आधीच बदललेले बरे. अॅल्युमिनियमची बॉडी रिबिट आणि गोंदाने जोडलेली असते. अपघातानंतर ती साध्या गॅरेजमध्ये ठोकून सरळ होत नाही, म्हणून मोठी धडक बसलेली एल४०५ सोडून द्यावी.

पाचवी पिढी, एल४६०, ऑक्टोबर २०२१ मध्ये समोर आली. मागची चाकंही सात अंशांपर्यंत वळत असल्याने एवढी लांब गाडी अरुंद गल्लीत सहज फिरते. तिच्या व्ही-८ आवृत्तीत पुन्हा बीएमडब्ल्यूचं इंजिन आहे. मे २०२४ मध्ये तिची जुळणी पुण्यात करण्याचं जाहीर झालं. आयात शुल्काचा भार घटला आणि भारतातली किंमत २ कोटी ३६ लाखांपासून सुरू झाली. त्याआधी पूर्ण शुल्क भरून गाडी घेतलेला मालक जुन्या बिलावर बोट ठेवून भाव सांगेल. आपण आजच्या नव्या गाडीच्या भावापासून हिशेब सुरू करावा.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

गाडी बघायला सकाळी जावं आणि मालकाला आधीच सांगून ठेवावं की इंजिन चालू करून ठेवू नका. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चारही चाकांवरच्या कमानीची उंची टेपने मोजावी. एक कोपरा बसलेला दिसला तर तिथला हवेचा फुगा गळतो आहे. मग इंजिन चालू करून पहिले काही क्षण नुसतं ऐकावं. चेनची खडखड थंड इंजिनातच कळते. गाडी सर्वांत खालच्या उंचीवरून सर्वांत वरच्या उंचीवर न्यावी. कॉम्प्रेसर खूप वेळ घरघरत राहिला किंवा मध्येच थांबला तर तो दमलेला आहे. फुटका फुगा बरेच दिवस तसाच ठेवला की कॉम्प्रेसर सतत राबतो आणि जातो, म्हणून ही दोन कामं बहुधा जोडीने येतात.

नंतर लो रेंज घालून मोकळ्या जागेत पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवावं. बऱ्याच गाड्यांना शहरात लो रेंज कधी लागतच नाही आणि ती बिघडल्याचं मालकालाही ठाऊक नसतं. शेवटी स्कॅनर लावावा. तो साधा नको. लँड रोव्हरचे सगळे कंट्रोल युनिट वाचणारा हवा. सगळे एरर कोड आदल्या दिवशीच पुसलेले दिसले तर त्यामागचं कारण विचारावं.

आपल्याकडे पावसाळ्याची परीक्षा वेगळी. नऊशे मिलिमीटर पाण्यातून चालण्याची क्षमता म्हणजे तुंबलेल्या बेसमेंटमध्ये तासन् तास बुडून राहण्याची क्षमता नव्हे. सीटच्या रुळांखाली, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला बारीक गाळाची रेघ दिसते का ते बघावं. कार्पेट उचलून खालचा फोम दाबावा. वर कोरडा आणि खाली ओलसर लागला तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी नको.

कागद

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिथल्या भारी डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांकडे वळू लागल्या. स्वस्ताई खरी आहे, पण महाराष्ट्रात नव्याने पासिंग करताना तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि वयानुसार रोड टॅक्स इथे पुन्हा भरावा लागतो. कमी करामुळे पुदुच्चेरी पासिंग केलेल्या गाड्यांचंही तेच. कंपनीच्या नावावरची गाडी असेल तर कंपनीचा अधिकृत ठराव आणि सही हवी. आरसीवर लोनचा बोजा आहे का हे परिवहन पोर्टलवर बघावं, बँकेचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत.

कोणती घ्यावी

माझं उत्तर ठाम आहे. पिढीच्या पहिल्या दोन वर्षांची गाडी घेऊ नये, शेवटच्या दोन-तीन वर्षांची घ्यावी. तोवर कारखान्याने स्वतःच्या चुका दुरुस्त केलेल्या असतात. बजेट कमी असेल तर २०११-१२ ची डिझेल एल३२२, थोडं जास्त असेल तर उशिराची एल४०५. गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतके पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढता येत नसतील तर एक पायरी खालची गाडी बघावी. ओडोमीटरवर कमी आकडा असलेल्या पण सर्व्हिस रेकॉर्ड नसलेल्या गाडीपेक्षा दुप्पट धावलेली आणि प्रत्येक बिल फाइलला लावलेली गाडी घ्यावी.

स्पेन किंग यांनी आखलेली कल्पना पन्नास वर्षांहून अधिक काळ अनेक मालकांच्या हातून टिकून राहिली, कारण ती मुळात भक्कम होती. ही गाडी निष्काळजीपणा सहन करत नाही, पण वेळेवर केलेल्या कामाची पुरेपूर परतफेड करते. तेवढी शिस्त ज्याच्याकडे आहे, त्याने पहिल्या मालकाने सोसलेल्या घसाऱ्याचा फायदा जरूर घ्यावा.