दोन डब्या आणि खालचे माग

यंदाच्या दिवाळीत आमच्या घरी दोन लहान डब्या एकाच टेबलावर आल्या आणि त्यांवरून एक गोड वाद सुरू झाला. एक काळी, एक पांढरी. काळी चिरंजीवांची, पांढरी सूनबाईंची. दोघेही पुण्यात नोकरीला. दोघांनीही आपापल्या पगारातून बिनतारी इअरबड्स घेतलेले, तेही बाहेरचा गोंगाट पुसून टाकणारे. चिरंजीवांचे सोनीचे डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५, सूनबाईंचे ॲपलचे एअरपॉड्स प्रो, दुसऱ्या आवृत्तीचे. कोणते सरस, यावर फराळाच्या ताटापासून चर्चा चालली ती भाऊबीजेपर्यंत. अखेर सूनबाई म्हणाल्या, “बाबा, दोन्ही पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवते. गोंगाट कशाला म्हणतात ते आपल्या घराइतके कुणाला ठाऊक? निकाल तुम्हीच द्या.”

त्यांचे म्हणणे खरे होते. आमचे घर इचलकरंजीत, जुन्या पद्धतीचे: खाली मागांची शेड, वर बिऱ्हाड. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे सारे गाव धोट्याच्या तालावर जगू लागले. बाहेरगावचे पाहुणे आमच्याकडे पहिल्या रात्री झोपत नाहीत. आम्ही मात्र वीज जाऊन माग थांबले की दचकून जागे होतो.

परीक्षा सुरू करण्यापूर्वी ही विद्या चालते कशी, ते समजून घेतले. आवाज म्हणजे हवेतील दाबाची लाट. तिच्या उंचवट्यासमोर तेवढाच खळगा आणि खळग्यासमोर तेवढाच उंचवटा ठेवला, तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ही कल्पना पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाची. तिचे अमेरिकी पेटंट त्यांना १९३६ मध्ये मिळाले. पण कल्पनेला हात-पाय फुटायला पुढे अनेक दशके गेली. १९७८ साली झ्युरिकहून बोस्टनला विमानाने जाताना अमर बोस यांना विमानाच्या घरघरीमुळे संगीत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी प्रवासातच या गणिताची पहिली मांडणी केली. त्यांचे वडील बंगालचे, स्वातंत्र्याच्या चळवळीपायी इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेस गेलेले. बोस यांच्या कंपनीचे वैमानिकांसाठीचे हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आले. आज तीच विद्या हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या डबीत मावते.

इअरबडच्या बाहेरच्या अंगास मायक्रोफोन असतो, आतल्या अंगासही असतो. बाहेरचा येणाऱ्या लाटेची वर्दी देतो, आतला कानात उरलेल्या आवाजाची. मधला प्रोसेसर उलटी लाट घडवून ध्वनिक्षेपकाकडे धाडतो. बाहेरच्या मायक्रोफोनपासून आतपर्यंतचे अंतर दोन सेंटिमीटर धरले, तर आवाजाला ते कापायला सेकंदाच्या लाखाव्या भागाचे सहा भाग लागतात. एवढ्यात सारा हिशेब उरकायचा! म्हणूनच या विद्येला एक मर्यादा आहे. शंभर हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाची लाट साडेतीन मीटर लांब असते. हिशेबात केसाएवढी चूक झाली तरी बिघडत नाही. तीन-साडेतीन हजार हर्ट्झची लाट मात्र जेमतेम दहा सेंटिमीटरची, आणि तिथे तेवढीच चूक सारे गणित उलटवते. त्यामुळे पंख्याची घरघर, बसचे इंजिन, विमानाचा घुमारा हे आवाज छान पुसले जातात. भांड्याचा खणखणाट, लहान मुलाचे रडणे, टाळी हे फारसे नाही. त्यांना अडवायचे तर कानात नीट बसणारे बूचच लागते. आणि दोन डब्यांतला खरा फरक नेमका इथेच आहे.

सोनीच्या इअरबडला पॉलियुरेथेन फोमची टोके आहेत, चार मापांची. ती बोटांनी चेपून कानात घालायची आणि फुगून घट्ट बसेपर्यंत क्षणभर थांबायचे. ॲपलची टोके मऊ सिलिकॉनची, तीही चार मापांची. रात्री वरच्या मजल्यावर, खालची पाळी चालू असताना, मी दोन्ही आळीपाळीने लावून पाहिले. फरशीतून वर येणारा मागांचा घुमारा दोन्हींनी जवळजवळ नाहीसा केला. प्रथम तर मला भीतीच वाटली. वीज गेली की काय म्हणून खिडकीशी जाऊन खाली पाहिले, तो दिवे चालू. पण घुमाऱ्यावर तरंगत येणारा धोट्याचा ठोका सोनीच्या फोमने अधिक अडवला, ॲपलच्या सिलिकॉनमधून थोडा अधिक झिरपला. उलट, तासाभराने कान भरल्यासारखे वाटणे ॲपलमध्ये कमी. वजनातही फरक आहे: ॲपलचा एक इअरबड ५.३ ग्रॅमचा, सोनीचा ५.९ ग्रॅमचा. अर्ध्या ग्रॅमचा फरक तो काय, असे वाटेल. कानाला तो तिसऱ्या तासाला कळतो.

दुसरी परीक्षा इचलकरंजी ते पुणे या एस.टी.च्या प्रवासात झाली. येथे दोघांनीही मन जिंकले. इंजिनाची घरघर गेली आणि भीमसेनजींची जुनी ध्वनिमुद्रिका मी फोनच्या अर्ध्याहून कमी आवाजात ऐकू शकलो. या सोयीचा आरोग्याच्या दृष्टीने हाच मोठा लाभ आहे. साध्या इअरफोनवर आपण बसच्या आवाजावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज नकळत वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा उपकरणांसाठी प्रौढांना आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, अशी मर्यादा सांगितली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. बाहेरचा गोंगाट कमी झाला की ती पाळणे सोपे जाते. संगीताची गोडी म्हणाल तर माझ्या कानाला सोनीचा खर्ज अधिक भरदार वाटला, तानपुऱ्याची जवारी ॲपलवर अधिक मोकळी. यावर कुणी वाद घातला तर मी माघार घेईन.

बाकीचे भराभर सांगतो. गोंगाट-निवारण चालू ठेवून सोनी एका दमात आठ तास चालतो, ॲपल सहा. डबीतल्या साठ्यासह सोनी चोवीस तास, ॲपल तीस. ॲपलच्या दांडीला चिमटीत धरून गाणे थांबवता येते, बोट वर-खाली फिरवून आवाज कमी-जास्त करता येतो; सोनीला टिचकी मारावी लागते. अँड्रॉइड फोन असेल तर सोनीची एलडॅक ही सूक्ष्म ध्वनिवहनाची सोय कामी येते; आयफोनवर ती चालत नाही. आयफोन असेल तर ॲपलची डबी उघडताच फोन तिला ओळखतो, आणि तिच्या बहुतेक खास सोयी आयफोनवाल्यांसाठीच आहेत. बाजारात आले तेव्हा दोहोंची किंमत पंचवीस हजारांच्या आसपास होती. ॲपलची तिसरी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली आहे, त्यामुळे दुसरी आता स्वस्तात मिळू शकते. एक गोष्ट दोन्हींना लागू: आतली इवलीशी बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती घरी बदलता येत नाही. वस्तू दहा-दहा वर्षे जपून वापरणाऱ्या आमच्या पिढीला हे पचायला जड जाते.

बाहेरचे बोलणे मुद्दाम आत घेण्याची सोय दोन्हींत आहे, पण ॲपलची अधिक स्वाभाविक. कानात काही नाहीच असे वाटते. सोनीत आपण बोलू लागताच गाणे आपोआप थांबण्याची सोय आहे. स्वतःशी गुणगुणण्याची सवय असणाऱ्यांनी ती बंद ठेवलेली बरी.

तिसरी परीक्षा घ्यायला नको होती. मी दोन्ही जोड घेऊन खाली शेडमध्ये गेलो.

साध्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज साधारण ९० ते १०० डेसिबलच्या घरात असतो. आपल्याकडील कारखानेविषयक नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. ८५ च्या वर कानांची काळजी घ्यावी असे तज्ज्ञ सांगतात, आणि दर तीन डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मी होते, असा एक प्रचलित हिशेब आहे. मागाचा आवाज घरघरीचा नव्हे, ठोक्यांचा असतो. मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मारला जातो, आणि प्रत्येक ठोका क्षणात येऊन जातो. उलटी लाट घडवणाऱ्याला हे काम अवघड. शेडमध्ये दोन्ही इअरबड्सनी घुमारा घटवला. ठोके मात्र राहिलेच. आणि ही काही प्रमाणित कर्णरक्षक साधने नव्हेत, हे पक्के लक्षात ठेवावे. त्यांच्या भरवशावर कुणी शेडमध्ये आठ तास उभे राहू नये.

मी कान झाकून उभा असताना आमचे जुने कामगार माझ्याकडे पाहून हसले. चार माग सांभाळणारे ते गृहस्थ आमच्याकडे बावीस वर्षे आहेत. कानाशी हात नेऊन त्यांनी ओरडून विचारले, “मालक, ह्यात काय ऐकू येतं?” मी म्हणालो, “काही नाही.” ते म्हणाले, “मग आमचं बरं आहे. आम्हाला फुकटात काही ऐकू येत नाही.”

त्या हसण्यावर मला हसता आले नाही.

वर आण्णा होते, माझे वडील, वय त्र्याऐंशी. चाळीस वर्षे याच शेडमध्ये उभे राहिलेले. गेली काही वर्षे ते कशालाही “हो, हो” म्हणतात. आम्ही समजत होतो, वयापरत्वे त्यांचे घरात लक्ष उरले नाही. सूनबाईंनी पांढरी जोडी ठेवून जाताना सांगितले होते की सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या इअरबड्सना श्रवणयंत्र बनवणाऱ्या प्रणालीस मान्यता दिली आहे. त्या वेळी ही सोय भारतात खुली नव्हती, तेव्हा बंगळुरूच्या काही तरुणांनी ॲल्युमिनियमची फॉइल आणि तांब्याची जाळी वापरून एक पेटी तयार केली, आतल्या उपकरणाला आपण परदेशात आहोत असे भासवले आणि आपल्या आज्यांसाठी ती सोय चालू करून घेतली. ही हकिकत ऐकून मला आशा वाटली होती.

परंतु ही सोय सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी आहे. म्हणून आधी आण्णांना कोल्हापुरात श्रवणतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी आलेख काढला आणि तो आमच्यापुढे ठेवला. खालच्या स्वरांना रेषा बरी होती. वर जाता जाता कडा कोसळावा तशी कोसळलेली. “यांना तुमचे बोलणे ऐकू येते,” तज्ज्ञ म्हणाले, “पण स, श, च, फ ही अक्षरे ऐकू येत नाहीत. वाक्य येते, अर्थ येत नाही.” आण्णांचे लक्ष नव्हते असे नाही, आम्ही जे बोलत होतो ते त्यांच्यापर्यंत अर्धेच पोहोचत होते. त्यांना इअरबड्स पुरणार नाहीत, रीतसर श्रवणयंत्रच हवे, असा निर्वाळा मिळाला.

निघताना तज्ज्ञांनी माझेही कान तपासले. वय चोपन्न. माझ्या आलेखात चार हजार हर्ट्झपाशी एक खळगा आहे. गोंगाटाने झालेल्या हानीची ती ओळखीची खूण, असे ते म्हणाले. आतल्या कानातील केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सौ. गेले वर्षभर म्हणते आहे, तुम्ही टीव्हीचा आवाज फार वाढवता.

कोल्हापुरातून येताना औषधांच्या दुकानातून फोमच्या साध्या बुचांची खोकी घेतली. एक जोड चहाच्या एका कपाएवढ्या किमतीची. त्यात बॅटरी नाही, प्रोसेसर नाही. कान किंचित मागे ओढून, बूच चेपून, आत घालून फुगेपर्यंत धरायचे एवढेच. नीट बसले तर शेडमधल्या ठोक्याला ते पंचवीस हजारांच्या वस्तूपेक्षा चांगले अडवते. कामगारांनी आधी नकार दिला. त्यांचे म्हणणेही अनाठायी नव्हते: धागा तुटला, धोटा अडकला, हे डोळ्यांआधी कानाला कळते; कान बंद केले तर मागावर लक्ष कसे राहणार? मी म्हणालो, आठ दिवस घालून पाहा. आवाज जात नाही, खाली उतरतो. बदल तरीही कळतो. पाचांपैकी तिघे आता रोज घालतात. बावीस वर्षांचे आमचे जुने गृहस्थ एकाच कानात घालतात आणि दुसरा कान मागासाठी ठेवला आहे, असे सांगतात. त्यांना कोल्हापूरला नेण्याची तारीख ठरली आहे.

निकाल द्यायचा राहिला. चिरंजीवांना मी कळवले: बसच्या, विमानाच्या प्रवासासाठी आणि अँड्रॉइड फोन असणाऱ्यांसाठी काळी डबी, आयफोन असेल, दिवसभर कानात ठेवायचे असेल आणि घरातल्यांचे बोलणेही ऐकायचे असेल तर पांढरी. दोघांनाही निकाल मान्य नाही, म्हणजे तो बरोबर असावा.

आण्णांचे श्रवणयंत्र गेल्या आठवड्यात आले. पहिले दोन दिवस त्यांनी ते काढून ठेवले. भांड्यांचा आवाज फार होतो, अशी तक्रार. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मान कलती करून थोडा वेळ खालचा आवाज ऐकत बसले आणि मला म्हणाले, “कोपऱ्यातला माग बघून ये जा. वेगळा वाजतोय.”