तुडवणाऱ्यांची आडनावं

धंद्यावरून पडलेल्या इंग्रजी आडनावांचा विषय निघाला की सगळा मान स्मिथला मिळतो. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे तेच सर्वांत जास्त लोकांचं आडनाव आहे, तेव्हा ते साहजिकच. मग टेलर, बेकर, कुक, मिलर येतात. त्यांचे अर्थ आपल्या सुतार-सोनार-शिंप्यांइतके उघड असल्यामुळे तिथे फार रेंगाळायचं कारण नसतं. मला मात्र कित्येक वर्षं वॉकर, फुलर आणि टकर या तीन आडनावांनी झपाटलं आहे. तिघांचे पूर्वज एकच काम करत. ते काम काय होतं आणि त्यांच्या पायांखालून ते कसं काढून घेतलं गेलं, हे शोधत गेल्यावर हाती लागली ती एका गावाची शंभर वर्षं चाललेली झुंज.

आधी काम. सुती कापड मागावरून उतरलं की बरंचसं तयार असतं. लोकरी कापडाचं तसं नाही. कातण्यापूर्वी लोकरीला तेल किंवा लोणी चोळलेलं असतं, त्यामुळे मागावरून उतरतं ते कापड विरळ, ओशट आणि खरखरीत. ते हौदात घालून वर साठवलेलं, शिळं झालेलं मूत्र ओतायचं, म्हणजे त्यातल्या अमोनियामुळे चिकटा सुटतो. मग तेल शोषून घेणारी माती घालायची. आपल्याकडे तोंडाला लावायची मुलतानी माती इंग्रजीत आजही ‘फुलर्स अर्थ’ म्हणून विकली जाते, ती याच उपयोगामुळे. एवढं झालं की अनवाणी पायांनी हौदात उतरायचं आणि तासन्‌तास तुडवत राहायचं. ओल आणि दाब मिळाला की लोकरीचे खवलेदार तंतू एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि घट्ट होतं, वीण दिसेनाशी होते. गरम पाण्यात चोळून धुतलेला लोकरीचा स्वेटर धाकट्या भावाच्या मापाचा होतो, तोही याच कारणाने. नंतर कापड स्वच्छ धुऊन लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं, टीझल नावाच्या झाडाच्या काटेरी बोंडांनी त्यावर लव उठवायची आणि ती कातरून एकसारखी करायची.

ईस्ट इंडिया कंपनी सुरतेच्या वखारीत विकायला आणायची ती बनात याच जातीची. आपल्याकडे कुंदीगर होते, पण ते मोगऱ्यांनी ठोकून कापडाला तकाकी आणत. विलायतेतल्या तुडवणाऱ्याशिवाय मात्र लोकरीचं कापड अंगात घालण्याजोगंच होत नसे. चौदाव्या शतकातला कवी विल्यम लँगलंड ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये बाप्तिस्मा न झालेल्या मुलाची तुलना अशा न तुडवलेल्या कापडाशी करतो आणि ओघात हा सगळा क्रम सांगून जातो. कापड पायांखाली किंवा यंत्राखाली तुडवलं जातं, असं तो म्हणतो. त्याच्या काळी दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालत होत्या, याचा हा चांगला पुरावा आहे.

आता नावं तीन का? उत्तर नकाशात आहे. उत्तरेत आणि मिडलंड्सच्या पश्चिम भागात या माणसाला वॉकर म्हणत. केंट-ससेक्सपासून नॉरफोक-सफोकपर्यंत तो फुलर. डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये टकर. वॉकर हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, फुलरचं मूळ लॅटिनमध्ये, आणि टकर ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून आला त्याचा अर्थ छळणं. कापडाचे जे हाल होत ते पाहता मला हा शब्द तिघांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. गावांची नावंही याला दुजोरा देतात. उत्तरेत वॉकमिल भेटतं, तर कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल आहे. वेल्समध्ये अशा गिरणीला पांडी म्हणत, कोळसा-खाणींच्या संपामुळे गाजलेलं टोनीपांडी हे गाव त्यातलंच. एक्सेटरमध्ये विणकर, तुडवणारे आणि कातरणारे यांच्या संघाची १४७१ मधली वास्तू अजून उभी आहे आणि तिचं नाव टकर्स हॉल.

या नकाशावर पहिल्यांदा पद्धतशीर हात घातला तो हेन्री ब्रूम गपी यांनी. पेशाने नौदलातले शल्यवैद्य, छंद वनस्पतींचा, सॉलोमन बेटं पालथी घातलेली. असा हा माणूस १८९० मध्ये ब्रिटनमधल्या आडनावांच्या मूळ घरांवर जाडजूड ग्रंथ लिहितो. गपींनी फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली. शेतकरी जमीन सोडून सहसा हलत नाही, म्हणून नाव जिथलं तिथेच सापडेल, हा त्यांचा तर्क. वनस्पतींच्या जातींचा प्रदेश आखणाऱ्या माणसालाच हे सुचावं! पुढच्या अभ्यासकांनी साधनं सुधारली, पण ही युक्ती मला आजही मोलाची वाटते.

माझ्या दृष्टीने याहूनही सुंदर पुरावा आहे तो विक्लिफच्या अनुयायांनी १३८० च्या दशकात केलेल्या इंग्रजी बायबलमध्ये. मार्कच्या शुभवर्तमानात येशूची वस्त्रं लखलखीत होतात, पृथ्वीवरचा कोणीही ती इतकी शुभ्र करू शकणार नाही, असा प्रसंग आहे. तिथे या धंद्याचं नाव येतं आणि जुन्या पाठात दोन शब्द शेजारीशेजारी दिले आहेत, फुलर किंवा वॉकर. एका धंद्याला देशात एक नाव नव्हतं, आणि हे पुस्तक तर सगळ्या देशाने वाचावं म्हणून लिहिलं जात होतं.

आडनावं वंशपरंपरेने कशी स्थिरावली हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. बड्या घरांत आधी, मग दक्षिणेत, सर्वांत शेवटी उत्तरेत. चौदावं शतक हे यातलं निर्णायक. अभ्यासकांसाठी सोन्याची खाण ठरल्या त्या १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या. १३७९ मध्ये साध्या मजुराला ४ पेन्स, तर कारागिराला ६ किंवा अधिक, म्हणून यॉर्कशरच्या पश्चिम भागातल्या याद्यांत कारकुनाने नावापुढे धंदाही टिपला. कारकून लॅटिनमध्ये ‘फुल्लो’ लिहितो. गल्लीत त्याच माणसाला वॉकर म्हणून हाक मारत असणार.

पुढचा पसारा आकड्यांत पाहा. वॉकर हे आज ब्रिटनमधल्या पहिल्या वीस आडनावांत येतं. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत ते एकतिसावं होतं, पाच लाखांहून अधिक माणसांचं, आणि त्यांतले सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय. गुलामगिरीच्या वाटेने हे नाव त्यांच्यापर्यंत पोहोचलं. फुलर आणि टकर त्या मानाने बरेच मागे राहिले. कारण सरळ आहे, उत्तर इंग्लंड लोकरीचाच मुलूख होता आणि औद्योगिक क्रांतीत लोकसंख्या फुगली तीही तिथेच. स्कॉटलंडमधले वॉकरही कमी नाहीत. किल्मारनॉकला १८२० मध्ये किराणा दुकान घालणारा जॉन वॉकर त्यांतलाच. त्याच्या दुकानातून पुढे व्हिस्की निघाली, १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने तिच्या बाटलीसाठी लांब ढांगा टाकणारा ऐटबाज माणूस काढला आणि हौदात उभ्या राहणाऱ्याच्या नावाचा अर्थ जगभर ‘चालणारा’ असा होऊन बसला. मुंबईत बसकंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तने याच बाटलीवरून पडद्यावरचं नाव दिलं. दारूला कधी शिवलो नाही असं सांगणाऱ्या या गुणी नटामुळे यॉर्कशर-स्कॉटलंडच्या हौदांतलं हे नाव दादर-माहीमच्या पोराटोरांच्या तोंडी बसलं.

पण मला खरं थांबायचं आहे ते यंत्रापाशी. पाणचक्कीच्या आसावर खुंट्या बसवायच्या, त्यांनी जड लाकडी हातोडे उचलायचे आणि कापडावर सोडायचे, ही युक्ती इंग्लंडमध्ये बाराव्या शतकात आली. टेम्प्लर या लढवय्या धर्मसंघाने ११८५ मध्ये आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, तीत यॉर्कशरमधल्या न्यूसमला आणि कॉट्सवोल्ड टेकड्यांतल्या बार्टनला अशा गिरण्या नोंदलेल्या आहेत. हातोड्यांचा धडधडाट भयंकर. डॉन किहोटे आणि सांचो पांझा यांची रात्रभर गाळण उडते ती ह्याच आवाजाने. कित्येक पायांचं काम आता एक राखणदार करू लागला.

१९४१ मध्ये एलेनोरा कॅरस-विल्सन यांनी या बदलाला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. यॉर्क, बेव्हर्ली, लिंकन या पूर्वेकडच्या शहरांतला कापडधंदा वाहत्या पाण्याच्या शोधात डोंगरांकडे गेला, असं त्यांचं म्हणणं. १९६५ मध्ये एडवर्ड मिलर यांनी ते खोडलं. शहरांच्या ऱ्हासाची कारणं व्यापारात आणि मजुरीत शोधावीत, असा त्यांचा रोख. ब्रिडबरी यांनी तर कापडाच्या एकूण खर्चात तुडवणीचा वाटा किती थोडा, तेवढ्याने धंदा स्थलांतर कसा करील, असं विचारलं. हिशेबापुरते मिलर आणि ब्रिडबरी बरोबर असतील. पण गिरणी कोणाची होती हा प्रश्न खर्चाच्या तक्त्यात येत नाही, आणि तो कॅरस-विल्सन यांनी विचारला होता. गिरण्या जहागीरदारांच्या आणि मठांच्या होत्या. पाय मात्र ज्याचे त्याचे. म्हणून लंडनच्या तुडवणाऱ्यांनी १२९८ मध्ये शहराबाहेरच्या गिरण्यांत कापड पाठवण्याविरुद्ध दाद मागितली, आणि म्हणूनच सेंट ऑल्बन्समध्ये जे घडलं ते घडलं.

लंडनच्या उत्तरेला, दिवसभराच्या घोडदौडीच्या आत, सेंट ऑल्बन्सचा मठ हा देशातल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक. गाव त्याच्या मालकीचं. धान्य दळायचं ते मठाच्या चक्कीत आणि कापड तुडवायचं तेही मठाच्या गिरणीत, दोन्हीकडे पैसे मोजून. गावकरी मात्र घरच्या जात्यावर दळत आणि घरातच कापड तुडवत. १२७४ च्या सुमारास मठाधिपती रॉजर ऑफ नॉर्टनने माणसं पाठवून कापड आणि जाती जप्त करायला सुरुवात केली. गावाने वर्गणी काढून खटल्यासाठी सामाईक निधी उभारला. त्याच सुमारास राणी एलिनॉर गावावरून जाणार होती. बायका गाऱ्हाणं घालतील या धास्तीने मठाधिपतीने तिला नेहमीची वाट सोडून दुसरीकडून आत न्यायचं ठरवलं. बायकांना सुगावा लागला. त्यांनी धाव घेतली, राणीला गराडा घातला आणि हात पसरून, रडून न्याय मागितला. पुढे प्रकरण राजाच्या न्यायालयात गेलं आणि निकाल मठाच्या बाजूने लागला.

हे सगळं आपल्याला कळतं ते मठाच्याच बखरीतून, जी पुढे टॉमस वॉल्सिंगम या तिथल्याच साधूने सिद्ध केली. तो गावकऱ्यांना नीच, उद्दाम म्हणतो. तरीही बायकांचा तो प्रसंग त्याच्या हातून पुसला गेला नाही, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

गाव गप्प बसलं नाही. १३२७ मध्ये दुसऱ्या एडवर्डला पदच्युत केल्याच्या धामधुमीत गावकऱ्यांनी मठाला वेढा घालून सनद मिळवली आणि घरोघरी जाती पुन्हा फिरू लागली, सुमारे ८०. नंतर मठाधिपती झाला रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड, खगोलशास्त्रज्ञ, आकाशातल्या ग्रहांची गती दाखवणाऱ्या थोर घड्याळाचा कर्ता. तो लोहाराचा मुलगा. साधू झाला नसता तर त्याच्या वंशजांचं नाव कदाचित स्मिथ पडलं असतं; मठात शिरल्यावर मात्र गावाच्या नावाने ओळखला गेला. या लोहारपुत्राने गावाला नमवून सनद परत घेतली, सगळी जाती ताब्यात घेतली आणि त्यांचे दगड मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशी म्हणून बसवले. विज्ञानाच्या इतिहासात या माणसाचा गौरव वाचताना ही फरशी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्याचं जातं गेलं, त्याने मठाकडे काही मागायला यायचं ते त्याच दगडावर पाय ठेवून.

पन्नासेक वर्षं तो दगड तुडवला गेला. जून १३८१ मध्ये डोईपट्टीवरून शेतकऱ्यांचं बंड पेटलं. आडनावं जपून ठेवणाऱ्या त्या याद्या ज्या करासाठी केल्या होत्या, तोच हा कर. बंडाचा म्होरक्या वॉट टायलर, म्हणजे कौलं बसवणारा. सेंट ऑल्बन्सचा पुढारी विल्यम ग्रिंडकॉब. लोक मठात शिरले, फरशी उखडली आणि दगड फोडून त्यांचे तुकडे एकमेकांना वाटले, रविवारी चर्चमध्ये अभिमंत्रित भाकरी वाटतात तसे. ही उपमाही वॉल्सिंगमचीच. त्याला ती पाखंडाची खूण वाटली असणार. मला ती त्या दगडांच्या मोलाची सर्वांत खरी साक्ष वाटते.

ग्रिंडकॉब पकडला गेला. गावकऱ्यांची समजूत घालायला त्याला जामिनावर सोडलं, तेव्हा माझ्या जिवासाठी मागे हटू नका, असं त्याने गावाला बजावलं आणि तो परत कैदेत गेला. जुलैमध्ये त्याला ठार मारलं. सनदा रद्द झाल्या. गावावरचा मठाचा हक्क राहिला तो ५ डिसेंबर १५३९ पर्यंत, आठव्या हेन्रीने मठ विसर्जित करेपर्यंत.

तोवर आडनावं पक्की झाली होती आणि धंदा गिरण्यांकडे गेला होता. टोप्यांपुरता संसदेने १४८३ मध्ये कायदा करून यंत्राला मज्जाव केला, कारण हातोड्यांखाली टोप्या खराब होत. कापडाला असं संरक्षण कधी मिळालं नाही. तुडवणाऱ्यांची पोरं शेतात, दुकानांत, जहाजांवर पांगली. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेला गेलेल्यांत सॅम्युएल आणि एडवर्ड फुलर हे दोघे भाऊ होते, फुलरांच्याच मुलखातले, नॉरफोकच्या रेडनहॉल गावचे. सॅम्युएल प्लिमथच्या वसाहतीत वैद्यकी करायचा. त्यांचा बाप रॉबर्ट फुलर खाटीक होता.