चँडलरचा शरद ऋतू आणि पहिलं रक्तदान



न्यू जर्सी-बॉस्टनकडची मंडळी आता लाल-पिवळ्या पानांचे फोटो पाठवायला लागतील. पाठवू देत! आपल्या चँडलरमध्ये शरद ऋतू पानांवरून नाही, खिडकीवरून कळतो. एसी बंद करून पहिल्यांदा खिडकी उघडली की आला शरद. २०२४ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ११३ दिवस पारा शंभर फॅरनहाइट किंवा त्याच्या वर चढत होता. त्या खिडकीचं अप्रूप बाहेरच्यांना काय कळणार!

मग पॅटिओवर खुर्च्या येतात, कुंड्यांत मेथी-कोथिंबीर पेरली जाते, कोजागिरीचं मसाला दूध खरोखरच चंद्राखाली बसून पिता येतं. घड्याळ मागे-पुढे करायची भानगड नाही, आईला फोन करायचा तर बारा महिने साडेबारा तासांचाच फरक.

याच दिवसांत मी गेल्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा रक्तदान केलं. देशात गणपती मंडळाच्या शिबिरात दादा दरवर्षी रक्त द्यायचा, आणि मी चहा-बिस्किटं वाटायचे. इथे देणार म्हटल्यावर आई फोनवर म्हणाली, "अगं, आधी तुझ्या अंगात तरी असू दे!"

आईचंच खरं ठरलं. सप्टेंबरात बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिलं तर १२.१. इथे बायकांना किमान १२.५ लागतं, पुरुषांना १३. परत पाठवलं. आपल्याकडच्या किती बायकांचं हे होत असेल!

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, बाकीचं स्वयंपाकघराने केलं. अळिवाचे लाडू (एरवी बाळंतिणीचे म्हणून आपण त्यांच्या वाटेला जात नाही), खजूर, पालेभाजीवर लिंबू. सर्वात कठीण म्हणजे जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. दिवाळीच्या फराळात बेसनाच्या शेजारी अळिवाचे लाडू जाऊन बसले. नोव्हेंबरात आकडा आला १२.९!

पुढचं सोपं होतं. प्रश्नांची लांबलचक यादी, रक्तदाब, मग सुई. टोचताना दुखतं, खोटं कशाला बोलू, पण क्षणभरच. दहाएक मिनिटांत जवळजवळ अर्धा लिटर रक्त पिशवीत. नंतर पंधरा मिनिटं ज्यूस आणि बिस्किटं, या वेळी वाटायला नाही, खायला! एकच सांगते, आपण वाळवंटात राहतो, तेव्हा आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या.

आता "इथे रक्त देणारे काय कमी आहेत?" असं म्हणाल. ऐका. भारतात साधारण तिघांत एकाचा गट बी असतो. अमेरिकेत बी पॉझिटिव्ह शंभरात नऊसुद्धा नाहीत. बी गटाच्या रुग्णाला लाल पेशी बी किंवा ओ गटाच्याच चालतात. म्हणजे आपल्या घराघरांतलं "बी पॉझिटिव्ह" इथे मोलाचं आहे.

त्यातून एक गट तर आपल्या मुंबईच्याच नावाचा! 'बॉम्बे ब्लड ग्रुप' १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. साध्या तपासणीत हा गट ओ वाटतो, पण या माणसांना ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा सापडतो, युरोपीय वंशाच्या लोकांत दहा लाखांत एखादा. असा रुग्ण अमेरिकेत असला तर दाता शोधायचा कुठे? बहुतेक आपल्यातच.

आणि शरद ऋतूच का? मलेरियाच्या नियमामुळे. २०२० मध्ये ठरलेल्या नियमानुसार, तीन वर्षांहून जास्त काळ इथे स्थायिक असलेल्याला भारतवारीनंतर तीन महिने रक्त देता येत नाही. भारतातून नव्याने आलेल्यांना तर तीन वर्षं थांबावं लागतं. आपण मुलांच्या सुट्टीत जून-जुलैत जाऊन येतो, नाहीतर डिसेंबरात निघतो. हिशेब करा, मधे उरतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच. एकदा दिल्यावर पुढच्या वेळेपर्यंत ५६ दिवसांचं अंतर लागतं. पूर्वी इंग्लंडमध्ये राहिल्यामुळे कोणाला नाकारलं असेल तर तो नियम २०२२ मध्ये निघाला, पुन्हा विचारा. नियम बदलत असतात, म्हणून जाण्याआधी फोन केलेला बरा.

थँक्सगिव्हिंगपासून नवीन वर्षापर्यंत दाते गावाला जातात, रुग्ण मात्र इथेच असतात. लाल पेशी ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच ते सात. साठवून ठेवून भागत नाही.

तेव्हा यंदा कोजागिरीला जमाल तेव्हा दूध आटेपर्यंत एकमेकांना एवढंच विचारा, "तुमचा गट कोणता? आणि शेवटचं भारतात कधी गेला होतात?" तीन महिने उलटून गेले असतील तर चौघांनी एकाच गाडीतून जा. आणि ज्या मैत्रिणींचं हिमोग्लोबिन कमी भरेल त्यांनी नाराज होऊ नका. अळीव इथल्या इंडियन ग्रोसरीत मिळतात!