राजाश्रय, लोकाश्रय आणि अर्ज

कलेला आश्रय लागतो, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधांतून लिहीत आलो आहोत. परंतु आश्रय म्हणजे नेमके काय, तो देतो कोण आणि घेणाऱ्याच्या हाती तो कोणत्या वाटेने पोचतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. मी सेनगाव तालुक्यातील साखऱ्याचा. आमच्याकडे कला म्हटली की डोळ्यांपुढे नाट्यगृह येत नाही. सप्ताहातले भजन, लग्नानंतरचा गोंधळ आणि पहाटे दारी येणारा वासुदेव येतो. या कलांचा आणि दिल्लीतील अकादमीचा काही संबंध आहे काय, असा प्रश्न मला पडला. त्याचे जे उत्तर मिळाले ते विद्यार्थीमित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पूर्वी आश्रयाच्या दोन वाटा होत्या. एक दरबाराची. कोल्हापुरास शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना, तर बडोद्यास गायकवाडांनी फैयाजखाँसाहेबांना ठेवून घेतले, हे संगीताच्या अभ्यासकांना माहीत आहेच. दुसरी वाट खळ्याची. गावगाड्यात गोंधळी, वासुदेव अशा मंडळींना सुगीच्या वेळी धान्य मिळे. ते दान समजले जात नसे, तो हक्क होता. कलावंताने आपण कलावंत आहोत हे कोणाला सिद्ध करून दाखवावे लागत नसे. त्याच्या आजाचा संबळ गावाने ऐकलेला असे.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. आमचा मराठवाडा सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झाला. दरबार गेले, आणि रोख पैशाच्या व्यवहारापुढे बलुत्याची पद्धतही हळूहळू मोडली. तिच्यात जातीची बंधने होती, म्हणून ती मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण कलावंताच्या पोटाचा प्रश्न मात्र मागे उरला.

तो प्रश्न शासनाने अंगावर घेतला. २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. पुढील वर्षी, १९५४ साली, साहित्य अकादमी व ललित कला अकादमी आल्या. पंडित नेहरू हे साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्ष. तिचा मराठीसाठीचा पहिला पुरस्कार १९५५ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथास मिळाला. त्याच वर्षी संगीत नाटक अकादमीने बालगंधर्वांचा गौरव केला.

येथे एक तत्त्व ध्यानात घ्यावे. या अकादमींना पैसा केंद्र शासनाचा मिळतो, परंतु कोणास काय द्यावे याचा निर्णय मंत्र्याने न करता जाणकारांच्या मंडळाने करावा, अशी रचना आहे. ब्रिटनमध्ये १९४६ साली जी आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली तिच्यामागेही हाच विचार होता. आणि तिची उभारणी करणारे गृहस्थ म्हणजे अर्थशास्त्राच्या वर्गात आपल्याला भेटणारे केन्सच! पैसा सरकारचा, पारख रसिकाची, असे हे सूत्र थोडक्यात सांगता येईल. ते प्रत्यक्षात किती पाळले जाते हा वादाचा विषय आहे. पण सूत्र चांगले आहे.

आता हा पैसा वाहतो कसा ते पाहू. पहिली वाट संस्था चालविण्याची. इंफाळची जवाहरलाल नेहरू मणिपूर नृत्य अकादमी व दिल्लीचे कथक केंद्र ही संगीत नाटक अकादमीची अपत्ये. राष्ट्रीय नाट्य विद्यालयही तिनेच १९५९ साली काढले. ते १९७५ मध्ये स्वतंत्र झाले. दुसरी वाट सन्मानाची. अकादमी पुरस्काराबरोबर एक लाख रुपये व ताम्रपट मिळतो. तिसरी वाट अनुदानाची. नाटक बसविणाऱ्या, नृत्य शिकविणाऱ्या वा महोत्सव भरविणाऱ्या संस्थांना अकादमी आणि संस्कृती मंत्रालय साहाय्य देतात. याखेरीज देशात सात विभागीय सांस्कृतिक केंद्रे आहेत. त्यांपैकी नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ पासून चालू आहे.

चौथी वाट थेट व्यक्तीची, आणि आपल्याला तीच सर्वांत जवळची. अठरा ते पंचवीस वर्षे वयाच्या कलाविद्यार्थ्यांसाठी संस्कृती मंत्रालयाची दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी दरमहा १०,००० व २०,००० रुपयांच्या कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्रवृत्ती आहेत. साठी ओलांडलेल्या गरजू कलावंतांना दरमहा ६,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. राज्य शासनाचेही वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन आहे. २०२४ पासून ते दरमहा ५,००० रुपये झाले.

मग अडते कोठे? अडते ते कागदावर. अनुदान हवे तर संस्था नोंदलेली हवी, सनदी लेखापालाने तपासलेले हिशेब हवेत, आणि मिळालेला पैसा ठरल्या कामीच लावला असे विनियोग प्रमाणपत्र हवे. पैसा जनतेचा आहे, तेव्हा यात गैर काही नाही. व्यक्तीसाठी अर्ज केला तरी वयाचा व उत्पन्नाचा दाखला आणि कलेतील कामगिरीचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे, प्रशस्तिपत्रे.

आमच्या भागातील एका वयोवृद्ध गोंधळीकाकांचा असाच अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. पन्नास वर्षे ज्यांनी रात्र रात्र आख्याने लावली, त्यांच्या घरी तुणतुणे होते, दिवटी होती, कवड्यांची माळ होती; कात्रण मात्र एकही नव्हते. गोंधळाची पत्रिका कोण छापतो? लग्नाच्या पत्रिकेत गोंधळाचा दिवस असतो, गोंधळ्याचे नाव नसते. "बाळा, हजार लग्नं केली म्या, त्यातलं एक बी कागदावर न्हाई," असे काका म्हणाले तेव्हा साऱ्या योजनेतील फट मला एका वाक्यात कळली. पुराव्याअभावी तो अर्ज परत आला. मग आम्ही ज्या घरी त्यांनी गोंधळ घातला अशा घरांची यादी केली, यजमानांची सहीची पत्रे मिळविली, ग्रामपंचायतीचा ठराव घेतला आणि एका आख्यानाचे ध्वनिमुद्रण जोडले. हा अर्ज दाखल करून घेतला गेला. निर्णय अजून यावयाचा आहे. काकांचे वय मात्र थांबलेले नाही.

याउलट केरळातील कुडियाट्टम पाहा. ही संस्कृत नाट्यपरंपरा शतकानुशतके देवळांत चाकयार कुटुंबांनी जपली. जुनी सरंजामी व्यवस्था ढासळली तसा तिचाही आश्रय आटला. परंतु १९४९ साली पैंकुलम राम चाकयार यांनी ती देवळाबाहेर आणली, १९६५ साली केरळ कलामंडलम या संस्थेत तिचे शिक्षण सुरू झाले, पुढे संगीत नाटक अकादमीने तिला विशेष साहाय्य दिले, आणि २००१ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात तिची गणना केली. कलेचे सामर्थ्य तर होतेच. पण तिच्याभोवती शिकविणारी, नोंदी ठेवणारी आणि अर्ज करणारी माणसे उभी राहिली, म्हणून मदतीला पोचण्यास जागा सापडली.

तात्पर्य असे की, खळ्यावरचा हक्क गेला आणि त्याच्या जागी अर्जाचा हक्क आला. खळ्यावर गाव साक्षीला असे; अर्जाला साक्ष लिहून द्यावी लागते. आणि ज्याला लिहिता येते तो आता कोण? आपणच. नरसीच्या नामदेवांची ही भूमी; येथे गाणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती नोंद करणाऱ्यांची.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात मराठीच्या व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या गावी जाऊन एकेका कलावंताची वही करावी. नाव, वय, गुरू कोण, आख्याने कोणती, कोठे कोठे सादर केली. सोबत एक छायाचित्र, एक ध्वनिमुद्रण, चार यजमानांच्या सह्या. वहीची एक प्रत ग्रंथालयात राहील, दुसरी कलावंताच्या घरी. अभ्यासकाला ती साधन म्हणून उपयोगी पडेल आणि कलावंताला पुरावा म्हणून. याला अनुदान लागत नाही. दोनशे पानी वही आणि एक उन्हाळी सुटी पुरेल. गुरुजनांनी मनावर घेतले तर पुढच्या अंकात अशा पहिल्या दहा वह्यांची यादी छापता येईल, आणि ते कात्रणही कोणाच्या तरी अर्जाला जोडता येईल.